टांकसाळीचा प्रमाद : एका संज्ञेचें परीक्षण

नाण्यांच्या खाजगी याद्यांत आणि विक्रीच्या सूचींत अलीकडे एक शब्दप्रयोग फार सैलपणें वापरला जाऊं लागला आहे. नाण्याचा छाप एका बाजूस सरकलेला दिसला, एखादें अक्षर दुहेरी उमटलें, कड तुटकी निघाली, किंवा वजन अपेक्षेपेक्षां कमी भरलें, कीं त्यापुढें 'टांकसाळीची चूक' असा शेरा पडतो. आणि शेरा पडतांच त्याची किंमत त्याच जातीच्या निर्दोष नाण्याहून पुष्कळ चढते. किंमत काय असावी हा प्रस्तुत लेखाचा विषय नाहीं. तें देणाऱ्याघेणाऱ्यांनीं पाहावें. परंतु हा शेरा म्हणजे एक ऐतिहासिक विधान आहे. अमुक टांकसाळींत, तेथील कारागिरांचा उद्देश नसतांना, अमुक घडलें, असें तो सांगतो. विधान म्हटलें कीं त्याला प्रमाण हवें. तें न देतां शेरा मारण्याची जी चाल पडली आहे तिच्यामुळें दुहेरी हानि होते. जें चुकलेलें नाहीं तें चुकलेलें ठरतें, आणि त्या नाण्यांत जी खरी साक्ष असते ती वाचली जात नाहीं. परभणी जिल्ह्यांतील संग्रहांत जीं नाणीं सामान्यतः पाहावयास मिळतात त्यांच्या आधारें ह्या संज्ञेचें परीक्षण येथें करावयाचें आहे.

ह्या त्रैमासिकाच्या वाचकांपैकीं पुष्कळांचा हात नाण्यांपेक्षां पोथ्यांवरून अधिक फिरलेला असतो. म्हणून प्रथम पोथीचाच दाखला घेऊं. पोथींत चमत्कारिक पाठ आढळला म्हणजे जाणता संशोधक त्याला लगेच लेखकप्रमाद म्हणत नाहीं. तो चार शक्यता डोळ्यांपुढें ठेवतो. पहिली, तो पाठभेद असेल; दुसऱ्या परंपरेंत तोच पाठ शुद्ध असेल. दुसरी, मूळ अक्षरांवर हरताळ लावून कोणी मागाहून जाणूनबुजून नवीं अक्षरें लिहिलीं असतील. तिसरी, पोथी पुरी झाल्यावर पाणी, कसर किंवा धूर यांनीं अक्षरें बिघडलीं असतील. ह्या तिन्ही शक्यता निरस्त झाल्या म्हणजेच चौथी, म्हणजे लेखकाच्या हातची चूक, स्वीकारावयाची. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या महाभारताचें आदिपर्व इ. स. १९३३ सालीं पुरें झालें. त्याच्या प्रस्तावनेंत डॉ. वि. सी. सुकथनकर यांनीं पाठनिर्णयाची जी शिस्त घालून दिली, तिच्यांतहि विचित्र दिसणारा पाठ विचित्र आहे एवढ्यावरून टाकून देतां येत नाहीं. इतर पाठ त्याच्यापासून कसे निघाले असतील हें आधीं पाहावें लागतें. नाण्याला ही शिस्त अधिकच हवी. पोथीच्या शेवटीं लेखक निदान 'जसें पाहिलें तसें लिहिलें, मला दोष देऊं नये' अशा अर्थाचें कांहीं लिहून ठेवतो. टांकसाळीचा कारागीर तेवढेंहि लिहीत नाहीं. त्याचें म्हणणें आपल्याला धातूवरूनच काढावें लागतें.

तेव्हां नाण्यासंबंधीं विचारावयाचा प्रश्न 'हें किती विचित्र आहे ?' हा नसून 'हा विशेष घडणीच्या कोणत्या पायरीवर उत्पन्न झाला ?' हा आहे. पायऱ्या तीन. एक, ठसा कोरण्याची व चकती तयार करण्याची. दोन, चकतीवर ठसा उमटविण्याची. तीन, नाणें टांकसाळीबाहेर पडल्यानंतरचा काळ. तिसऱ्या पायरीवर जें घडलें त्याचा टांकसाळीशीं कांहीं संबंध नाहीं. पहिल्या दोन पायऱ्यांवर जें घडलें त्यांतूनहि उद्देशानें केलेलें आणि त्या काळच्या पद्धतीनें नित्य घडणारें, हीं दोन्ही वगळावीं लागतात. उरलें तेवढ्यालाच प्रमाद म्हणतां येईल.

ह्यांत 'त्या काळची पद्धति' हे शब्द महत्त्वाचे आहेत. आजचें नाणें यंत्रांत, कड्यामध्यें धरलेल्या चकतीवर, एका दाबानें उमटतें. म्हणून तेथें छाप सरकणें हा अपवाद होय. जुनें नाणें हातोड्यानें पाडीत. खालचा ठसा ऐरणींत बसविलेला, वरचा हातांत धरलेला, मध्यें तापविलेली चकती आणि वर घणाचा घाव. ठसा पुष्कळदां चकतीहून मोठा असे. त्यामुळें मोगली रुपयावर टांकसाळीचें नांव अर्धवट येणें किंवा सनाचा एखादा अंक कडेबाहेर जाणें हें नित्याचें आहे. अशा रुपयाला चुकलेला म्हणणें म्हणजे हातानें लिहिलेल्या पोथीच्या ओळी छापील पुस्तकासारख्या सरळ नाहींत म्हणून लेखकाला दोष देणें होय. त्याहून प्राचीन आहत नाण्यांवर तर प्रत्येक चिन्ह वेगळ्या ठशानें उमटविलेलें असे. तेथें चिन्हें एकमेकांवर चढलेलीं असणें, कडेवर कापलीं जाणें, आणि मागच्या बाजूस पारख्यांनीं मारलेल्या बारीक खुणांची गर्दी असणें, हेंच स्वाभाविक रूप आहे. हिणकस धातु आढळला म्हणूनहि बिचकण्याचें कारण नाहीं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत रुप्याच्या पणांत चतुर्थांश तांबें आणि शिवाय सोळावा हिस्सा लोखंड, कथील, शिसें यांसारख्या धातूचा घालावयास सांगितलें आहे. म्हणजे चांदी सोळांत अकराच भाग उरते. त्याच ग्रंथांत नाणीं पारखणारा रूपदर्शक आणि शेंकडा अष्टमांश पारखणावळ यांचाहि उल्लेख आहे. त्या अधिकाऱ्यानें जें चोख म्हणून घेतलें असतें तें आपण बनावट किंवा चुकलेलें ठरवूं नये.

आतां पाठभेदाच्या वर्गाकडे वळूं. परभणीकडे ज्यांच्या घरीं जुन्या पैशांचा गल्ला आहे त्यांच्याजवळ शिवराई हटकून निघते. एका बाजूस 'श्री राजा शिव' व दुसऱ्या बाजूस 'छत्रपति' हा तिचा प्रसिद्ध लेख. परंतु 'शिव', 'शीव', 'सिव', तसेंच 'छत्रपति', 'छत्रपती' अशीं अनेक रूपें आढळतात. शिवछत्रपतींच्या काळापासून पेशवाईच्या अखेरीपर्यंत अनेक ठिकाणीं हा पैसा पाडला जात होता, आणि उत्तरकाळांत टांकसाळी मक्त्यानें दिल्या जात. ऱ्हस्वदीर्घाचा व शकारसकाराचा जो घोळ त्या काळच्या मोडी दप्तरांत पानोपानीं दिसतो, तोच तांब्यावर उतरला आहे. हे पाठभेद आहेत. ते जमवून त्यांचे वर्ग लावले तर कोणत्या शिवराया एका हातच्या हें सांगतां येण्याची आशा आहे. सगळ्यांवर 'चूक' असा एकच शेरा मारल्यास ती वाट बंद होते.

शिवराईवर एखादें अक्षर आरशांत पाहावें तसें उलटें आढळलें तर मात्र गोष्ट वेगळी. ठशावर अक्षर उलटें कोरावें लागतें, तेव्हांच तें नाण्यावर सुलटें उमटतें. कोरणाऱ्यानें विसरून सुलटें कोरलें कीं नाण्यावर उलटें. हा खरा प्रमाद, पहिल्या पायरीवरचा. तो सिद्ध करण्याचा मार्गहि आहे. ठशाची चूक त्या ठशाच्या प्रत्येक नाण्यावर त्याच जागीं पुन्हां येते. घावाची चूक एका नाण्यापुरती असते. म्हणून त्याच ठशाचें दुसरें नाणें शोधावें. घावाघावांच्या मध्यें चकती हलून 'श्री राजा' दोनदां उमटलेली शिवराई अशीच एकटी असते. तो प्रमाद खरा, पण हातकामांत इतका साधा कीं त्याचें अप्रूप वाटूं नये.

हरताळाच्या वर्गाचें सर्वांत मोठें उदाहरण आपल्याच गोदातीरावरचें आहे. इ. स. १९०६ सालीं नाशिक जिल्ह्यांत जोगळटेंभी येथें चांदीच्या नाण्यांचा एक साठा सांपडला. त्याचें वर्णन रेव्हरंड स्कॉट यांनीं पुढें प्रसिद्ध केलें. नाणीं १३,२५० च्या घरांत होतीं व तीं सर्व क्षहरात नहपानाचीं होतीं. एका बाजूस राजाचें मुख व भोंवतीं ग्रीक लिपींतील अक्षरें, दुसऱ्या बाजूस बाण व वज्र आणि ब्राह्मी व खरोष्ठी लेख. परंतु त्यांपैकीं ९,२७० वर नाण्यांचें रूप विलक्षण होतें. राजाच्या गालावर त्रिकूट पर्वताचें चिन्ह उठलेलें, ग्रीक अक्षरांतून ब्राह्मी अक्षरें डोकावणारीं, आणि पाठीमागें बाणावर चढलेलें उज्जयिनी चिन्ह. ह्यांतील एकच नाणें सुटें कोणाच्या हातीं आलें असतें आणि त्यानें त्याला 'दुहेरी ठोकलेलें चुकीचें नाणें' म्हणून पेटींत ठेवलें असतें, तर काय झालें असतें हें सांगावयास नको. वरचीं अक्षरें गौतमीपुत्र सातकर्णीचीं आहेत. जित राजाचें नाणें न वितळवितां त्याच्यावर जेत्यानें आपली मुद्रा मारली. नाशिकच्या लेण्यांत, पुळुमावीच्या १९ व्या वर्षांतील लेखांत, गौतमी बलश्रीनें आपल्या पुत्रानें क्षहरातांचा वंश नि:शेष केल्याचें जें लिहविलें आहे, त्याला ह्या नाण्यांनीं धातूची साक्ष पुरविली.

ह्या साठ्यापासून परीक्षेचे दोन नियम निघतात. पहिला, संख्येचा. शेंकडा ७० नाण्यांवर जो विशेष आढळतो तो प्रमाद असूंच शकत नाहीं. दहांत सात वेळां चुकणारी टांकसाळ असंभाव्य आहे. दुसरा, क्रमाचा. दोन छापांपैकीं जो दबलेला व सपाट झालेला तो आधींचा, आणि जो उंच व तुटक न होतां सलग गेलेला तो नंतरचा. दोन्ही छाप एकाच राजाचे व एकाच ठशाचे असतील तर घाव सरकला असें म्हणतां येईल. दोन राजांचे असतील तर तेथें राज्यक्रांति शोधावी. पैठण ज्यांची राजधानी होती त्या सातवाहनांचीं नाणीं गोदावरीच्या कांठानें खालीं पाथरी-गंगाखेडच्या बाजूस निघालीं तर ह्या दोन नियमांची आठवण ठेवणें अवश्य आहे.

आतां ज्या नाण्यांविषयीं ह्या जिल्ह्यांत सर्वांत अधिक घोटाळा होतो त्या हाली शिक्क्याकडे येऊं. परभणी इ. स. १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होती, म्हणून येथील जुन्या घरांत कलदाराच्या जोडीला हाली रुपया सांपडतो. त्याच्यावर पडणारे चुकीचे शेरे प्रामुख्यानें चार प्रकारचे असतात, आणि चारहि अज्ञानमूलक आहेत. निजामाच्या नाण्यावर ९२ हा अंक असतो. तो सनाचा तुटका भाग समजून 'सन चुकलेला' असें म्हटलें जातें. वस्तुतः अब्जद पद्धतीनें 'मुहम्मद' ह्या नांवाच्या अक्षरांची बेरीज ९२ होते (४०, ८, ४० आणि ४), आणि तो अंक उद्देशानें घातलेला आहे. दुसरा घोटाळा सन व जुलूस यांचा. मीर उस्मान अलीखान इ. स. १९११ च्या ऑगस्टांत, हिजरी १३२९ च्या रमजानांत, गादीवर आले. जुलूस वर्ष रमजानापासून मोजलें जाई आणि हिजरी वर्ष मोहरमापासून. म्हणून हिजरी १३३० बरोबर जुलूस १ हि बरोबर आणि जुलूस २ हि बरोबर. १३२९ हें एकच साल तर दोन निजामांच्या वांट्याला येतें. तिसरा घोटाळा अक्षराचा. चारमिनारच्या दारांत मीर महबूब अलीखानांच्या नाण्यांवर 'मीम' व उस्मान अलीखानांच्या नाण्यांवर 'ऐन' असतो. उस्मान अलीखानांच्या आरंभींच्या कांहीं रुपयांवर हा ऐन अर्धा आहे, पुढें तो पुरा झाला. अर्धा ऐन हा पाठभेद आहे. ठसा तुटल्याची खूण नव्हे.

चौथा घोटाळा वजनाचा. त्याचा हिशेब मांडणें बोधप्रद आहे. कलदार रुपया १८० ग्रेनांचा, म्हणजे बरोबर एक तोळ्याचा. त्यांत बारांत अकरा भाग चांदी, म्हणजे १६५ ग्रेन. चारमिनारी हाली रुपया १७२॥ ग्रेनांचा व हजारीं ८१८ कसाचा, म्हणजे त्यांत चांदी सुमारें १४१ ग्रेन. कलदाराच्या तराजूंत हाली रुपया टाकला कीं तो ७॥ ग्रेन कमी भरणारच. तो हलका पाडला गेलेला नाहीं. तो त्याच वजनाचा ठरविलेला आहे. शंभर कलदारांस ११६ रुपये १० आणे ८ पै हाली हा जो जुना भाव आपल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडीं होता, तो सातास सहा ह्या प्रमाणाचाच आहे, आणि दोन्ही नाण्यांतील शुद्ध चांदीचें प्रमाणहि जवळजवळ तेंच निघतें. सराफानें ज्याला बट्टा म्हटलें त्याला संग्राहकानें चूक म्हणूं नये.

कलदाराच्या बाबतींतहि असाच सावधपणा हवा. राणीच्या इ. स. १८६२ सनाच्या रुपयावर पाठीमागें बारीक ठिपके आढळतात. तो सन पुढें इ. स. १८७४ पर्यंत तसाच ठेवून नाणीं पाडलीं गेलीं, आणि मुंबई टांकसाळीच्या रुपयांवर ठिपक्यांनीं वर्षांची गणना दाखविली, असें जाणकार मानतात. ते ठशावर पडलेले खड्डे नव्हेत. इ. स. १९११ च्या पंचम जॉर्जच्या रुपयावर बादशहाच्या गळ्यांतील साखळीवरचा हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला, गवगवा झाला आणि दुसऱ्या वर्षीं ठसा बदलण्यांत आला. तेथें टांकसाळीनें काढावयाचें तेंच काढलें होतें; प्रमाद असलाच तर चित्रकाराच्या हाताचा किंवा पाहणाराच्या डोळ्याचा.

कोणी म्हणेल, अशा गाळणींतून गेल्यावर प्रमाद म्हणावयास कांहीं उरतच नाहीं. तसें नाहीं. उलट गाळणींतून जें उरतें तें निःशंक असतें. उदाहरणार्थ उलटछाप. पाडलेलें नाणें कधीं वरच्या ठशाला चिकटून राहतें, आणि पुढची चकती त्याच्याखालीं जाते. मग त्या चकतीवर एका बाजूस खालच्या ठशाचा नेहमींचा उठावदार छाप, आणि दुसऱ्या बाजूस त्याच छापाची खोलगट, आरशांतील प्रतिमा उमटते. रोमन नाण्यांत हें पुष्कळ आढळतें. हा प्रमाद दुसऱ्या पायरीवरचा आहे आणि तो कसा घडला हें घावाघावानें सांगतां येतें.

परंतु ज्याची घडण सांगतां येते त्याची नक्कलहि करतां येते. जिल्ह्यांतील एका संग्राहकांनीं उलटछाप म्हणून घेतलेला एक चारमिनारी रुपया प्रस्तुत लेखकास परीक्षणार्थ मिळाला. चारमिनारची बाजू ठीक होती. लेखाच्या बाजूवर खोलगट, उलटा चारमिनार दिसत होता, म्हणून प्रथमदर्शनीं अनुमान बरोबर वाटावें. भिंगाखालीं मात्र तीन गोष्टी आढळल्या. पहिली, खोलगट मिनारांच्या मधून फारसी अक्षरें अजून वर उठलेलीं होतीं, फक्त त्यांचे माथे चेपले होते. खऱ्या उलटछापांत तीं असूं शकत नाहींत, कारण लेखाचा ठसा त्या चकतीला शिवलेलाच नसतो. मध्यें चिकटलेलें नाणें असतें. दुसरी, प्रतिमा अर्धवट होती. मिनारांचे व कमानीचे उंच भाग तेवढे उतरले होते, बारीक रेघा व कडेचीं अक्षरें उतरलीं नव्हतीं. तिसरी, खोलगट जागेच्या बरोबर मागें चारमिनारचा उठाव दबला होता आणि तेथेंच कडेचे दांते एकमेकांत मिसळले होते. निष्कर्ष एकच निघतो. दोन पुरे पाडलेले रुपये एकावर एक ठेवून कोणीतरी मागाहून जोरानें दाबले आहेत. हें तिसऱ्या पायरीवरचें काम. टांकसाळीचा त्यांत हात नाहीं. तें फसविण्याच्या हेतूनें केलें कीं पोराटोरांनीं गंमत म्हणून केलें, हें नाण्यावरून सांगतां येत नाहीं, आणि जें सांगतां येत नाहीं त्याचा आरोप कोणावर करूं नये. चांदीपुरती किंमत वगळतां त्या रुपयास विशेष मोल नाहीं, हें मात्र स्पष्टपणें सांगावें लागलें.

तिसऱ्या पायरीवरचे इतरहि प्रकार आपल्याकडे नित्य आढळतात. लमाणी व शेतकरी बायकांच्या गळ्यांतील माळांत ओंवलेल्या रुपयांची कडी काढून टाकली कीं कडेवर डाकाचा उंचवटा राहतो. त्याला 'जादा धातूची चूक' म्हणतात. दोन्ही बाजूंस एकच छाप असलेलें नाणें बहुधा दोन नाणीं कोरून जोडलेलें असतें. कडेच्या आंतल्या बाजूस सांधा शोधावा आणि वाजवून पाहावें, आवाज बद्द येतो. काळ्या जमिनींतून निघालेला तांब्याचा पैसा चिंचेनें व राखेनें घासला म्हणजे गंजाबरोबर अक्षरांच्या कडाहि जातात आणि खळगे पडतात. ते मग ठशाचे दोष म्हणून वाचले जातात.

शेवटीं यादी करणाऱ्यांस कांहीं सूचना. वर्णन व निर्णय हे दोन वेगळे रकाने ठेवावेत. वर्णनांत वजन, व्यास, धातु, दोन्ही छापांचा परस्पर कोन व कडेची स्थिति हीं लिहावींत. नाणें कोठें व कोणत्या नाण्यांबरोबर मिळालें हें न चुकतां लिहावें. जुन्या चिठ्ठ्यांवरील 'जि. परभणी' हे शब्द तपासून घ्यावेत, परतूर इ. स. १९८१ सालीं जालना जिल्ह्यांत गेलें आणि हिंगोली इ. स. १९९९ सालीं वेगळा जिल्हा झाला. नाणें घासूं नये. साठा सांपडल्यास तो फोडूं नये, इ. स. १८७८ च्या निखात निधीच्या कायद्याप्रमाणें १० रुपयांवरील मोलाचा निधि सांपडणाऱ्यानें जिल्ह्याच्या कलेक्टरास कळविणें बंधनकारक आहे. जोगळटेंभीचीं नाणीं एकत्र पाहिलीं गेलीं म्हणूनच शेंकडा ७० चें प्रमाण कळलें. तीं सुटीं विकलीं गेलीं असतीं तर तें कळलें नसतें.

निर्णयाच्या रकान्यांत 'टांकसाळीची चूक' हे शब्द तेव्हांच लिहावेत, जेव्हां ती चूक कोणत्या पायरीवर व कशी घडली हें दोन वाक्यांत लिहितां येईल. तें लिहितां येत नसेल तर रकाना मोकळा ठेवावा. पोथींत त्रुटित स्थळ आलें म्हणजे आपण तेवढी जागा कोरी सोडून पुढें जातों, आणि दुसरी प्रत मिळेपर्यंत थांबतों. नाण्यालाहि तेवढी सवड द्यावयास हरकत नाहीं.